ओळखीची खून

टेबलावर काचेच्या वाटीत ओला स्पंज ठेवलेला असे. बाई त्यावर बोट दाबायच्या, जागेवरून उठायच्या, माझ्या खांद्यावरून हात पुढे घालायच्या आणि ते ओलं बोट माझ्या मॉनिटरच्या काचेवर उजवीकडून डावीकडे ओढायच्या.

"पान उलट," म्हणायच्या. "उलटत नाय? मंग कसलं बुक गो तुजं?"

काचेवर पाण्याचा ओघळ राहायचा. तो मी दातओठ खात रुमालाने पुसायची. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. दुसऱ्यांदा वाटलं, म्हातारीला गंमत सुचली असेल. पण रोज? सरकारी मशीनवर रोज पाण्याचा हात? आमच्या मिरजेत कुणी असं केलं असतं तर मी तिथल्या तिथे चार शब्द सुनावले असते. इथे मी कंत्राटावर आणि बाई आस्थापना शाखेच्या हेडक्लार्क. चार शब्द गिळायचे आणि रुमाल वाळत घालायचा, एवढंच माझ्या हातात होतं.

आधीच सांगून टाकते, मी इथे कुणाचं गुणगान करायला बसलेली नाही. माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी ते देवमाणूस होतं, ही आपल्याकडची रीत मला पटत नाही. बाई देवमाणूस नव्हत्या, खडूस होत्या. तुम्ही कधी सरकारी कचेरीत खेटे घातले असतील तर अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. खिडकीपलीकडून मान वर न करता "उद्या या" म्हणणारी. फरक इतकाच, की आमच्या बाई मान वर करायच्या. चांगल्या टक लावून बघायच्या, आणि मग "उद्या या" म्हणायच्या.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. लग्न होऊन मी वाशीला आले होते. पदरात एक कॉम्प्युटरचा डिप्लोमा आणि नाकावर राग. नवऱ्याच्या ओळखीने पाणीपुरवठ्याच्या एका सरकारी कार्यालयात काम मिळालं. कुठल्या ते विचारू नका, सांगणार नाही. काम असं, की सगळ्या कर्मचाऱ्यांची सर्व्हिस बुकं एकेक करून कॉम्प्युटरमध्ये चढवायची. सर्व्हिस बुक म्हणजे नोकरदाराची जन्मकुंडली. नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख, बढत्या, रजा, शिक्षा, सगळं त्यात. ती सगळी पुस्तकं चार लोखंडी कपाटांत होती, कपाटांच्या किल्ल्या बाईंच्या कमरेला होत्या आणि कपाटांसमोर बाईंचं टेबल होतं. माझं मशीन लावलं ते नेमकं त्या टेबलाच्या पुढे. म्हणजे दिवसभर माझं तोंड स्क्रीनकडे आणि पाठ बाईंकडे. पाठीत कुणीतरी बोट खुपसून बसलंय, असं मला सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत वाटायचं.

कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून साहेबांनी सगळ्या शाखेला दाराबाहेर चपला काढायला लावल्या. सगळ्यांनी काढल्या. बाई चपला वाजवत आत आल्या.

"बाई, चपला," मी म्हणाले.

"देवलात काडते मी चपला. ह्या डब्याम्होरं नाय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाखेने माझ्या मशीनची पूजा केली. मॉनिटरला हार, कीबोर्डवर फूल, प्रिंटरला हळदकुंकू. बाईंनी आपल्या पैशाने वेगळा नारळ आणला, चारी कपाटांना कुंकू लावलं आणि कपाटापुढेच फोडला. खोबरं सगळ्यांना वाटलं. मलाही दिलं, नाही असं नाही. पण देताना म्हणाल्या, "लाइट गेली तरी ह्यो देव चालतो." आणि त्याच दुपारी लाइट गेली! तीन तास. मी हातावर हात ठेवून बसले आणि मागून पान उलटल्याचा आवाज येत राहिला. मुद्दाम मोठ्याने उलटत होत्या, शप्पथ.

बाई वाशीजवळच्या बोनकोडे गावच्या. शेतं शहरासाठी गेली तेव्हा ज्या थोड्या घरांतल्या मुली मॅट्रिकपर्यंत पोचल्या होत्या, त्यातलं त्यांचं एक घर. जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळाली आणि त्या भात कापायचं सोडून टायपिंग शिकल्या. लिहायच्या अगदी शुद्ध, मोत्यासारखं अक्षर. बोलायच्या मात्र गावचं. आहेला हाय, नाहीला नाय, ळचा ल, आणि ण तर तोंडातून निघायचाच नाही. पाणी नव्हे पानी, कोण नव्हे कोन.

आता मूळ भांडणाकडे येते.

सर्व्हिस बुकाच्या पहिल्या पानावर एक रकाना असतो, 'ओळखीची खूण'. उंची आणि त्याखाली अंगावरची खूण. गालावर तीळ, कपाळावर व्रण असलं काहीबाही. त्याच्याही खाली डाव्या हाताच्या पाची बोटांचे ठसे. मी फॉर्म तयार केला तेव्हा स्क्रीनवर जागा पुरेना. साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "तीळबीळ कशाला हवेत? आपण काय लग्न जमवतोय? काढा तो रकाना." मी काढला. मलाही बरंच वाटलं, टायपिंग वाचलं.

बाईंनी पहिला प्रिंटआउट हातात घेतला. भोकंभोकं असलेला तो लांबलचक कागद त्यांनी साडीची घडी तपासावी तसा दोन्ही हातांनी ताणून पाहिला.

"ओलखीची खून कुटं टाकलीस?"

आणि मी, मिरजेची दीडशहाणी, सगळ्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, खून नव्हे हो, खूण! खून पोलीस लिहितात."

शाखा खदखदून हसली. शिपाई तर पाण्याचा ट्रे खाली ठेवून हसला. मलाही अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

बाई हसल्या नाहीत. कागदाची घडी घालून माझ्या टेबलावर ठेवली. "तुजा ण तुज्याकडं ठेव," म्हणाल्या. "मानूस कुटं ठेवलास ते सांग."

त्या दिवसापासून आमचं उघड वैर सुरू झालं. त्या मला दिवसाला ठरावीक पाचच पुस्तकं द्यायच्या, सहावं मागितलं की किल्ली सापडायची नाही. मी त्यांच्या नावाने साहेबांकडे कुरकुर करायची. त्या चहा सांगायच्या तेव्हा मला सोडून सांगायच्या. मी एसीचा काटा मुद्दाम खाली न्यायची, कारण थंडीने त्यांचे सांधे दुखायचे. हो, केलंय मी हे. लाज वाटते, पण केलंय.

एक मात्र मला मान्य करावं लागेल. ही बाई कुणाला नाव विचारायची नाही. माणूस खिडकीत उभा राहिला की दोन क्षण त्याच्याकडे बघायची, कपाटाकडे वळायची आणि बरोबर त्याचं पुस्तक काढायची. "दात पुडं," म्हणत एक, "कानाची पाली फाटलेली," म्हणत दुसरं. समोरचा ओशाळा होऊन हसायचा. मी एकदा विचारलं, "नाव का नाही विचारत?"

"नाव काय, कोनाचंबी असतं," बाई म्हणाल्या. "आमच्यात आज्याचं नाव नातवाला. एका आज्याला पाच नातू, मंग पाच बालाराम. गावात हाक मारली तर आर्धी आली धावत येते."

मी मनात म्हटलं, असेल तुमच्या गावात. माझ्या मशीनमध्ये असला गोंधळ नाही.

तर त्या वर्षी वरून आदेश आला. जमिनी गेलेल्या गावांतले जे लोक वर्षानुवर्षं रोजंदारीवर होते, त्यांना कायम करायचं. पण यादी कॉम्प्युटरमधून निघालेली हवी, हाताने केलेली चालणार नाही. यादी महिनाअखेर वर जाईल. तीत नाव असेल तो कायम, नसेल त्याची रोजंदारीही त्याच दिवशी बंद. म्हणजे आमच्या कागदाच्या एका ओळीवर एकेका घराची चूल होती. मला हे कळत नव्हतं असं नाही. मला ते नीटनेटकं करायचं होतं, इतकंच.

रोजंदारीवाल्यांना नियमाने सर्व्हिस बुक नसतं. बाईंनी त्यांचीही उघडून ठेवली होती! कुणी सांगितलं नव्हतं. उरलेल्या कोऱ्या पुस्तकांत प्रत्येकाचं पहिलं पान भरून, ठसे घेऊन, पाचवं कपाट असावं तसा एक गठ्ठा खिडकीखाली रचून ठेवला होता. तो गठ्ठा मी चढवला. चढवल्यावर दुबार नावं शोधणारा एक प्रोग्रॅम लिहिला. नाव, जन्मतारीख आणि रुजू तारीख तिन्ही जुळली तर माणूस एकच आणि नोंद दुबार. साहेब खूश झाले. म्हणाले, "व्वा, हे बाईंना सात जन्मांत जमलं नसतं." मी ते वाक्य कितीतरी दिवस चघळलं.

प्रोग्रॅमने मोजक्या नोंदी काढल्या. बऱ्याच खरोखरच दुबार होत्या. त्यात एक होती, पाटील बाळाराम जोमा. दोन पुस्तकं, दोन्हीवर वडिलांचं नाव जोमा, दोघं पाण्याचे व्हॉल्व्ह सोडणारे, म्हणजे व्हॉल्व्हमन. जन्मतारीख एक जून, साल एकच. रुजू तारीखही एकच. मी त्यातली एक नोंद उडवली. एक बटण दाबलं, मशीनने 'नक्की का?' विचारलं, मी 'हो' म्हटलं.

बाईंना संध्याकाळी कळलं. उठून आल्या. स्पंजला हात लावला नाही.

"बालाराम दोन हायत. एक माज्या गावचा, एक शिरवण्याचा."

"दोघांचा जन्म एकाच दिवशीचा? एक जूनचा?"

"आगो, शाळेत घातलं त्या दिवशी मास्तरांनी जल्माला घातलं सगल्यांना. माजापन एक जून हाय. तुज्या सासऱ्याचा काय हाय, विचार घरी."

"आणि रुजूही एकाच दिवशी?"

"आर्डर एका दिवशी निगाली, तर काय वेगवेगल्या दिवशी येतील? सगली एका टेम्पोत बसून आली. मी व्हती तिथं."

"मग लेखी द्या," मी म्हणाले. साहेबांचंच वाक्य. "तोंडी चालत नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं असणार. मी स्क्रीनकडे बघत होते.

"मी खून बोलली तर हसलीस," मागून आवाज आला. "आता ह्यो कोनता झाला?"

खरं सांगते, नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी जाऊन सासऱ्यांना विचारलं. सासरे म्हणाले, "एक जून. का गं?" तेव्हाच मला परत फिरायला हवं होतं. पण मी बाईंपुढे नमायला तयार नव्हते. दुसऱ्याची चूल विझली तरी चालेल, पण आपलं नाक खाली व्हायला नको, अशी माझी तऱ्हा.

चार दिवसांनी दोन माणसं चपला काढून दाराशी उभी राहिली. खाकी शर्ट, पँटचे पाय दुमडलेले, हातात व्हॉल्व्हची लोखंडी चावी तशीच.

"मॅडम, नाव हाय ना यादीत?"

मी प्रिंटआउटवर पट्टी ठेवून ओळ दाखवली. "हे काय, पाटील बाळाराम जोमा."

"ह्यो मी," एक म्हणाला.

"मंग मी कुटं हाय?" दुसऱ्याने विचारलं.

"हेच तुम्ही," मी म्हणाले.

दोघं त्या ओळीवर वाकले. मला वाटलं, आता जुंपणार. जुंपली नाही. एकाने दुसऱ्याकडे बघितलं. "अरं, तुजं ऱ्हाऊ दे. मी बघतो फुडं."

"नाय रं, तू व्हय कायम. तुजं मोटं घर."

"माज्या भावाला हाय नोकरी. तू व्हय."

ताटातला शेवटचा पापड एकमेकांकडे सरकवावा तशी ती ओळ सरकवत दोघं उभे होते. मी म्हणाले, "साहेब आल्यावर या." मीही "उद्या या"वाली झाले की!

साहेबांनी फर्मान काढलं, की दुबार ठरलेली पुस्तकं शनिवारी रद्दीत घालायची, पुन्हा घोळ नको. शनिवारी सकाळी मी गठ्ठा मोजला. त्यात बाळारामाचं पुस्तक नव्हतं. खिडकीखालच्या गठ्ठ्यात बघितलं, तर ठेवलेल्याचंही नव्हतं. शिपाई म्हणाला, "बाई काल पिशवीत घालून घरी नेताना दिसल्या."

सरकारी अभिलेख घरी! माझ्या अंगात वारं शिरलं. खुर्चीत बसून फुलस्केपवर तक्रार लिहिली. 'सदर दोन सेवापुस्तके कार्यालयाबाहेर नेण्यात आल्याचे आढळून आले असून...' मला त्या पुस्तकांचं काय पडलं होतं? मला पुस्तकं नको होती, मला बाई नको होत्या.

पण तक्रार साहेबांकडे जायची तर आधी आवक व्हायला हवी, आणि आवकचा शिक्का बाईंच्या टेबलावर. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि नजर खिडकीबाहेर लावली. बाईंनी सावकाश वाचला. 'अभिलेख' या शब्दात मी चूक केली होती, तिथे पेन्सिलीने बारीक खूण केली. मग शिक्का मारला, नंबर टाकला, रजिस्टरला नोंद केली आणि माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली.

"पोच घे," म्हणाल्या.

सोमवारी साहेबांनी दोघींना आत बोलावलं. बाई डब्याची पिशवी घेऊनच आल्या. पिशवीतून जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली दोन पुस्तकं काढली, टेबलावर शेजारी शेजारी उघडली आणि वाचायला लागल्या. वाचताना मात्र ण ला ण होता, एकही चुकला नाही.

"पाटील बाळाराम जोमा, राहणार बोनकोडे. उंची पाच फूट पाच. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर व्रण. पाटील बाळाराम जोमा, राहणार शिरवणे. उंची पाच फूट दोन. ओळखीची खूण, उजव्या करंगळीचे टोक नाही."

मग दाराकडे तोंड करून गावच्या आवाजात ओरडल्या, "या रं आत!"

दोघं आले. एकाने भुवई पुढे केली, दुसऱ्याने करंगळी. साहेबांना दोन मिनिटंही लागली नाहीत. ते माझ्यावर कडाडले, "तुमच्या फॉर्ममध्ये हा रकाना का नाही?" ज्यांनी तो काढायला लावला तेच! मी तोंड उघडलं आणि मिटलं. सरकारी नोकरीत कधी मिटायचं, हे मला एव्हाना कळलं होतं.

उडवलेला बाळाराम मी परत भरायला बसले, तर मशीन घेईना. तिन्ही गोष्टी जुळणारी नोंद घ्यायची नाही, असं मीच त्याला शिकवून ठेवलं होतं. शेवटी शिरवण्याच्या बाळारामाच्या नावापुढे मी एक टिंब टाकलं. टिंबासकट नाव वेगळं, म्हणून मशीनने त्याला माणूस मानलं. यादी वेळेत वर गेली. बाळाराम आणि टिंबवाला बाळाराम, दोघं कायम झाले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. साहेब चांगल्या मूडमध्ये होते, माझी तक्रार हातात घेऊन म्हणाले, "हे फाडून टाकू या, काय बाई?"

बाई म्हणाल्या, "आवक झालाय, साहेब. नंबर पडलाय. फाडता नाय येनार."

"अहो, पण तुमच्याविरुद्ध आहे!"

"म्हनून काय झालं? उद्या दुसऱ्या कोनाचा आला तर तोपन फाडाल."

मी म्हणू शकले असते, साहेब, मी तक्रार मागे घेते. मागे घेण्याचा अर्ज देता येतो, त्यालाही आवक नंबर पडतो. मला नियम माहीत होता. मी म्हणाले नाही.

कागद वर गेला. पंधरा दिवसांत बाईंची बदली तळोज्याच्या भांडारात झाली. भांडार म्हणजे पाइप, नटबोल्ट आणि केमिकलचा वास. त्या वयात, त्या सांध्यांनी, दोन बसा बदलून. निवृत्तीपर्यंत त्यांना तिथेच ठेवलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी चारी कपाटं पुसली. माझीही कायम झाल्याची ऑर्डर त्याच आठवड्यात आली होती, म्हणजे माझं सर्व्हिस बुक उघडायचं होतं, आणि ते काम त्यांचंच होतं. म्हणाल्या, "बस हितं." दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या टेबलासमोर बसले. मान खाली घालून बसले. त्यांनी माझा डावा हात ओढून घेतला, एकेक बोट शाईच्या पॅडवर लोळवलं, एकेक पानावर दाबलं. घट्ट धरला होता हात. आमच्या दोघींत कधी इतका स्पर्श झाला नव्हता, मला तो नकोसा झाला होता.

"खून?"

"नाही काही," मी म्हणाले.

"खून नाय आसं मानूस नसतं."

"माझ्या अंगावर नाही. लिहा 'निरंक'."

पेन चालल्याचा आवाज आला. त्यांनी पुस्तक फिरवून सहीची जागा दाखवली. मी न वाचता सही ठोकली आणि बोटं धुवायला निघून गेले. परत आले तर बाई गेल्या होत्या. किल्ल्यांचा जुडगा माझ्या कीबोर्डवर होता आणि स्पंजची वाटी पालथी घालून ठेवलेली होती. मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू?

दशक संपत आलं तेव्हा आस्थापना शाखा माझ्याकडे होती. एका दुपारी खिडकीत एक माणूस उभा राहिला.

"नाव?" मी स्क्रीनकडे बघत विचारलं.

मी वर बघितलं. त्याने खिडकीच्या गजातून उजवा हात आत घातला आणि करंगळी दाखवली. करंगळीला टोक नव्हतं.

"मॅडम, बाई गेल्या," तो म्हणाला. "परवाच्या दिवशी. तुमाला सांगावं म्हटलं."

मी त्याला आत बोलावलं. शिरवण्याचा, टिंबवाला बाळाराम. खुर्चीच्या कडेला टेकून सांगत होता. बाई रिटायर होऊन गावीच होत्या, शेवटी अंथरुणाला खिळल्या होत्या, तो आणि बोनकोड्याचा बाळाराम आळीपाळीने जाऊन बसायचे. "त्यांच्या मनगटावर इल्याचा वन व्हता ना, भात कापताना लागलेला, तो शेवटी लई ठनकायचा. तुमी बगितलाच आसंल."

"हो," मी म्हणाले.

मी बघितला नव्हता. मी बाईंचा चेहरा आठवायला गेले आणि तोही येईना. आवाज आठवत होता, ओलं बोट आठवत होतं, किल्ल्या आठवत होत्या. चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. दोन वर्षं ज्या बाईशी भांडले, तिची एक खूण मला सांगता आली नसती. मी तिच्याकडे पाठ करून बसले होते.

"तुमची बोलायच्या कधी कधी," बाळाराम म्हणाला. "म्हनायच्या, माजं शेवटचं बुक मी त्या कंप्युटरवालीचं लिवलं. काय लिवली व्हती मॅडम, तुमची खून?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "वाचलंच नाही कधी."

मी उठले, कपाट उघडलं. स्पंज आता कुणी ठेवत नव्हतं, तेव्हा जिभेलाच बोट लावून पान उलटलं. माझ्या पाच बोटांचे ठसे होते आणि त्यावर ते मोत्यासारखं अक्षर.

'ओळखीची खूण : डाव्या कानामागे तीळ. केस वर बांधले की दिसतो.'

मला हा तीळ माहीत नव्हता. आईने कधी सांगितला नाही, नवऱ्याने कधी बघितला नाही. आरशात तो दिसायचा प्रश्नच नव्हता. माझे डोळे भरून आले आणि मला त्या बाईचा पुन्हा भयंकर राग आला. इतकं बघत होतीस, तर एकदा तोंडाने सांगायचं होतंस की गं, बये!

मी बाळारामाकडे पाठ केली, केस वर धरले आणि कान पुढे ओढला.

"बघा हो जरा. आहे का?"

तो बिचारा संकोचला. मग चष्मा पुसून जवळ आला आणि वाकून बघितलं.

"हाय, मॅडम," तो म्हणाला. "खून हाय."